लाइट गेली की पडदा निळा

या महिन्याच्या टपालात निळ्या पडद्याची पत्रं इतकी निघाली की प्रिंटर आणि मोबाइलचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. त्या पत्रलेखकांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट कुरकुर न करता पाठवली, त्यामुळे प्रकरण तडीस गेलं.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी वाळवा तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव आहे. गावाचं नाव छापू नये ही विनंती. संकलन सकाळी आणि संध्याकाळी असतं. इलेक्ट्रॉनिक काटा आणि फॅट मशीन दोन्ही कॉम्प्युटरला जोडलेली आहेत. सभासदाचा कोड मारला की लिटर, फॅट, एसएनएफ आपोआप येतात आणि पावती निघते. गेल्या दिवाळीत जुना कॉम्प्युटर गेला म्हणून नवा घेतला. नव्याला मागे नऊ पिनांचं पोर्ट नाही, म्हणून दुकानदाराने दोन यूएसबी केबली आणि एक हब, म्हणजे एका यूएसबीतून अनेक जोडण्या काढणारी डबी, दिला. तेव्हापासून लाइट गेली की कॉम्प्युटर निळा पडतो. यूपीएस आहे, त्याची बॅटरी नवी आहे, मॉनिटर चालू राहतो, पण पडदा निळा. दर वेळी होतं असंही नाही. रांगेत माणसं किटल्या घेऊन उभी असतात आणि मी मशीन परत चालू व्हायची वाट बघत बसतो. रिपेरिंगवाल्याने दोनदा फॉरमॅट मारून दिला. त्याचं म्हणणं, यूपीएस बदला. यूपीएसवाल्याचं म्हणणं, कॉम्प्युटर बदला. संचालक मंडळाचं म्हणणं, सचिव बदला. काय करावं?

उत्तर : सचिव राहू द्या. यूपीएसही राहू द्या. फॉरमॅट मात्र थांबवा. फॉरमॅटने रिपेरिंगवाल्याचं बिल होतं आणि ज्या फाइलींत कारण लिहून ठेवलेलं असतं त्या नेमक्या पुसल्या जातात. तुमच्याकडे दोनदा पुसल्या गेल्या.

निळा पडदा म्हणजे विंडोजने स्वतःहून घेतलेला निर्णय असतो. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असं काही घडलेलं तिला दिसतं की पुढे चालू राहिलं तर डिस्कवरचा डेटा खराब व्हायची भीती असते. म्हणून ती थांबते, आणि थांबण्यापूर्वी त्या क्षणी मेमरीत काय होतं याची नोंद डिस्कवर टाकते. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यात मिनीडंप नावाचा फोल्डर. प्रत्येक पडण्याची तिथे एक फाइल. फाइलच्या नावात तारीख असते, पण अमेरिकन पद्धतीची, आधी महिना मग दिवस. वाचताना गोंधळू नका. (विंडोज ११ च्या वाचकांसाठी: २०२५ पासून तुमचा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे. रंग बदलला, बाकी सगळं तेच.)

सचिवांकडून मी त्या फाइली मागवल्या. शिवाय एक वही ठेवायला सांगितली: लाइट गेली की वेळ लिहायची, पडदा निळा झाला तरी आणि नाही झाला तरी. हा दुसरा भाग लोक विसरतात. जे घडलं तेवढंच लिहून ठेवतात आणि मग प्रत्येक योगायोग कारणासारखा दिसायला लागतो. वही आणि फाइली शेजारी ठेवल्यावर दिसलं ते असं: प्रत्येक पडणं लाइट जाण्याच्या वेळेशी जुळतंय, पण प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर पडणं नाही.

एवढ्यावरच यूपीएस सुटला. यूपीएसने दगा दिला असता तर कॉम्प्युटर सरळ बंद झाला असता. ज्या यंत्राची वीजच गेली त्याला निळा पडदा रंगवायला आणि वर फाइल लिहायला सवड मिळत नाही. फाइल आहे, याचा अर्थ वीज होती.

मग फाइल उघडली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी नावाचं अवजार आहे, त्यांच्या स्टोअरमध्ये फुकट मिळतं. पहिल्यांदा उघडल्यावर ते इंटरनेटवरून सिम्बॉल फाइली ओढून घेतं, म्हणजे नुसत्या पत्त्यांच्या जागी फंक्शनांची नावं दिसायला लागतात. खाली आज्ञा लिहायची पट्टी असते, तिथे उद्गारचिन्ह, त्याला चिकटून ॲनालाइझ, मग जागा सोडून डॅश आणि व्ही. बाकी काही येत नसलं तरी ही एक आज्ञा पुरते.

उत्तर आलं: ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल, क्रमांक डी१. सोबत चार आकडे. लोक या चार आकड्यांकडे ढुंकून बघत नाहीत आणि सगळी गोष्ट तिथेच असते. डी१ मध्ये पहिला आकडा म्हणजे कुठल्या पत्त्याला हात लावला, दुसरा म्हणजे त्या वेळी प्रोसेसर कुठल्या पातळीवर काम करत होता, तिसरा म्हणजे वाचत होता की लिहीत होता, आणि चौथा म्हणजे हा उद्योग करणारी ओळ कुठे आहे. सचिवांच्या फाइलींत पहिला आकडा होता २८, दुसरा २, तिसरा ०. चौथा पत्ता पडत होता त्या यूएसबी केबलीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे केबल आणि विंडोज यांचं बोलणं घडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये.

२८ हा षोडशमान पद्धतीतला, म्हणजे आपल्या हिशेबात ४०. मेमरीचा खरा पत्ता इतका छोटा कधीच नसतो. असा आकडा दिसला की समजायचं, ड्रायव्हरच्या हातात ज्या जागेचा पत्ता असायला हवा होता तिथे शून्य आलं, आणि त्याने शून्यापासून ४० बाइट पुढचा कप्पा उघडायला घेतला. तिसरा आकडा शून्य, म्हणजे तो वाचत होता. दुसरा आकडा २ हे पातळीचं नाव. या पातळीवर असताना प्रोसेसर डिस्कसाठी थांबू शकत नाही. मागितलेलं पान मेमरीत नसेल तर ते आणून देण्याची सोय तिथे नाही. एरवी एखादा साधा प्रोग्रॅम चुकीच्या पत्त्यावर गेला असता तर विंडोजने तेवढा प्रोग्रॅम बंद केला असता. इथे गुन्हा कर्नलच्या आत आणि तोही पातळी २ वर. अख्खी विंडोज खाली.

आता स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं याची उतरंड. तो खालून वर वाचायचा. तळाशी विंडोजचे स्वतःचे यूएसबीचे ड्रायव्हर, त्यांच्या वर केबलीचा ड्रायव्हर, आणि माथ्यावर कर्नलच्या दोन-तीन ओळी, ज्यांनी पडणं जाहीर केलं. विंडोजचा यूएसबी ड्रायव्हर केबलीच्या ड्रायव्हरला सांगत होता, "तू जे वाचायला मागितलं होतंस ते काम आटोपलं, उपकरण नाहीसं झालं, हा घे निकाल." निकाल घ्यायला केबलीचा ड्रायव्हर आपल्या जागेकडे वळला, तर ती जागा त्याने स्वतःच आधी मोडून टाकली होती. भाडेकरू घर सोडून गेला, पत्ता बदलल्याचं पोस्टात कळवलं नाही, आणि पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन पाडलेल्या भिंतीसमोर उभा, तसं झालं.

ड्रायव्हर लिहिण्याचा हा पहिला धडा आहे. उपकरण अचानक उपटलं जाऊ शकतं, तेव्हा विंडोज तशी सूचना देते, आणि त्या सूचनेनंतर ड्रायव्हरने आधी अडकलेली सगळी कामं रद्द करायची, ती खरोखर परत येईपर्यंत थांबायचं, टायमर बंद करायचे, आणि मगच आपली जागा मोकळी करायची. हा क्रम चुकला की दोन गोष्टींची शर्यत लागते. निकाल आधी पोचला तर काहीच होत नाही, आवराआवर आधी झाली तर निळा पडदा. सचिवांचं "दर वेळी होतं असंही नाही" हे वाक्य रिपेरिंगवाल्याने उडवून लावलं म्हणे. मला त्याच वाक्यावरून शर्यतीचा संशय आला. मी भोसरीत एका कारखान्यात असेच ड्रायव्हर लिहीत असे, तेव्हा नव्या पोरांना पहिलं काम हेच असायचं: पोर्ट उघडं असताना केबल उपटा, लावा, परत उपटा. कंटाळवाणं काम. पण पाच-पन्नास वेळा उपटल्याशिवाय ड्रायव्हर बाहेर जायचा नाही.

पण मग केबल उपटली कोणी? लाइट गेल्यावर कोणी टेबलाखाली जाऊन केबली ओढत नाही. शिवाय या केबलींना वीज मिळते ती कॉम्प्युटरच्या यूएसबीतून, आणि कॉम्प्युटर तर यूपीएसवर. मी सचिवांना टेबलाखालचा फोटो पाठवायला सांगितला. फोटोत जाळी-जळमटांसकट उत्तर होतं. दुकानदाराने दिलेला हब स्वतःच्या ॲडॉप्टरवर चालणारा होता, आणि तो ॲडॉप्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डात खोचलेला. यूपीएसच्या मागे जागा तीनच: कॅबिनेट, मॉनिटर, प्रिंटर. हबसाठी जागा उरली नव्हती. लाइट गेली की हब क्षणभर मरायचा, आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीने काटा आणि फॅट मशीन दोन्हींच्या केबली एका झटक्यात उपटल्या जायच्या. तेही संकलनाचं सॉफ्टवेअर दोन्ही पोर्ट उघडी धरून बसलेलं असताना.

इथे अंदाजावर थांबायचं नाही. दुपारी संकलन नसताना सॉफ्टवेअर चालू करून हबचा ॲडॉप्टर मुद्दाम काढायला सांगितला. सुरुवातीला काही झालं नाही, मग पडला, आणि फाइलमध्ये तेच चार आकडे. हवं तेव्हा पाडता येतं म्हटल्यावर अर्धं काम झालं, कारण आता दुरुस्ती खरी की खोटी हे तपासता येतं.

एक प्रश्न उरला. इतका सदोष ड्रायव्हर नव्या कॉम्प्युटरवर आला कुठून? ड्रायव्हरच्या फाइलच्या आतली तारीख २००९ सालची निघाली. केबलीसोबत छोटी सीडी आली होती, तिच्यातला. सचिवांनी रिपेरिंगवाल्याला विचारलं तेव्हा कळलं की विंडोजने स्वतःहून नवा ड्रायव्हर टाकला होता, पण तो टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) पिवळा त्रिकोण आणि कोड १० यायचा, केबल चालायचीच नाही. म्हणून त्याने जुना टाकला. त्याच्या जागी असता तर बहुतेकांनी हेच केलं असतं. मात्र नवा ड्रायव्हर असा रुसतो त्यामागे बहुधा एकच कारण असतं: केबलीच्या आतली चिप नकली किंवा फार जुन्या पिढीची. चिप बनवणाऱ्या कंपन्या नव्या ड्रायव्हरमध्ये अशा चिपा ओळखून नाकारतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या कंपनीने तर याहून पुढे जाऊन असा ड्रायव्हर सोडला की नकली चिपेतला ओळख क्रमांकच शून्य करून टाकला जाई. तो विंडोज अपडेटमधून लोकांपर्यंत पोचला, काहीही कल्पना नसलेल्या गिऱ्हाइकांची यंत्रं बंद पडली, ओरड झाली आणि तो मागे घ्यावा लागला. नकली माल वाईटच, पण त्याची शिक्षा गिऱ्हाइकाला देणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

तर आता करायचं काय.

आज संध्याकाळच्या संकलनाआधी: हब काढून टाका, दोन्ही केबली कॅबिनेटच्या मागच्या पोर्टांत थेट लावा. पुढची पोर्टं नकोत, येता-जाता कोणाचा तरी गुडघा लागतो. एका पैशाचा खर्च नाही आणि निळा पडदा बहुतेक बंद होईल. ड्रायव्हरमधला दोष तसाच राहील, फक्त त्याला निमित्त मिळणार नाही.

सवडीने: त्या केबली बदला. माझं मत विचाराल तर यूएसबीच्या नादाला लागूच नका. बऱ्याच डेस्कटॉप मदरबोर्डांवर आतल्या बाजूला सीरियल पोर्टच्या पिना असतात, फक्त मागे नऊ पिनांचं तोंड काढलेलं नसतं. बोर्डाच्या पुस्तिकेत कॉम असं लिहिलेलं शोधा. तशा पिना असतील तर एक पट्टीवाली केबल पुरते. नसतील, किंवा एकाच पोर्टाच्या असतील, तर दोन सीरियल पोर्टांचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवा. कार्ड उपटलं जात नाही. काटा आणि फॅट मशीन वर्षानुवर्षं एकाच टेबलावर राहणार आहेत, त्यांना उपटता येणाऱ्या केबलीची गरजच काय?

यूएसबी केबलच घ्यायची झाली तर अशी घ्या जिचा ड्रायव्हर विंडोज अपडेट स्वतःहून टाकतं आणि पिवळा त्रिकोण येत नाही. सीडी पिशवीतून बाहेर काढू नका.

जुना ड्रायव्हर काढताना नुसती केबल काढून भागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा. आजवर लावलेल्या केबलींची फिकट नावं दिसतील. त्यांतली त्या चिपेची सगळी अनइन्स्टॉल करा, आणि करताना ड्रायव्हरही पुसून टाकण्याच्या चौकोनात खूण करा. ती खूण करायची राहून गेली तर पुढच्या वेळी विंडोज आपल्या कोठारातून तोच २००९ चा ड्रायव्हर काढून परत बसवेल. मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू केलात तर ते वेगळं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, तिच्यात शटडाउन करताना कर्नल पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि सकाळी ड्रायव्हरांसकट तसाच उचलला जातो. ड्रायव्हरच्या भानगडीत रीस्टार्टच खरा.

आणखी एक, यात हमखास अडकायला होतं: नवं पोर्ट कॉम ७ किंवा कॉम ९ म्हणून उगवेल आणि तुमचं सॉफ्टवेअर कॉम ३ वर काटा शोधत बसेल. फॅट येतंय, वजन येत नाही, अशी तक्रार त्यातून निघते. पोर्टच्या प्रॉपर्टीमध्ये ॲडव्हान्स्डखाली क्रमांक बदलता येतो. हे सगळं सकाळच्या संकलनानंतर करा. शेवटी हबचा तो ॲडॉप्टर काढण्याचा प्रयोग नव्या जोडणीवर मेन स्विच पाडून परत करा. पडला नाही तर संचालक मंडळाला चहा पाजा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा लॅपटॉप आठवड्यातून दोन-तीनदा निळा पडतो. ब्लूस्क्रीनव्ह्यू टाकून बघितलं तर दर वेळी एनटीओएस-कर्नल ही फाइल दोषी दाखवतं. विंडोजच खराब आहे का? मित्र म्हणतो ड्रायव्हर व्हेरिफायर चालव. चालवू का?

उत्तर : एनटीओएस-कर्नल म्हणजे खुद्द कर्नल. पडणं जाहीर करणारी ओळ नेहमी त्याचीच असते, म्हणून त्याचं नाव येतं. वरच्या सचिवांच्या फाइलींतही माथ्यावर तोच होता. ब्लूस्क्रीनव्ह्यू पटकन नजर टाकायला बरं, पण ते स्टॅक समजून घेत नाही. विनडीबीजी वापर, माथ्याच्या ओळी सोडून त्यांच्या खाली कोण आहे ते बघ.

तू पाठवलेल्या चार फाइली मी पाहिल्या. एकीत ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकीत वाय-फायचा, एकीत फाइल सिस्टिमचा, एकीत यूएसबीचा. स्टॉप कोड, म्हणजे पडण्याच्या कारणाचं नाव, तेही चारही वेळा वेगळे. ड्रायव्हरचा दोष असता तर तो इतका भटकला नसता. दर वेळी नवा आरोपी सापडायला लागला की मी रॅमकडे वळते. शोधपट्टीत एमडीशेड लिहून विंडोजची मेमरी चाचणी रात्रभर लावून ठेव. लॅपटॉपला रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून चार दिवस वापर, मग दुसरी. नुकतीच रॅम वाढवली आहेस असं तू पत्राच्या शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलं आहेस. बाळा, ते पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

व्हेरिफायर आत्ता नको. तो निवडलेल्या ड्रायव्हरांवर कडक पहारा बसवतो आणि चूक दिसताच स्वतःहून निळा पडदा आणतो. एकाच ड्रायव्हरवर संशय असेल तेव्हा त्याच्यासारखं अवजार नाही. पण सगळ्याच ड्रायव्हरांवर लावलास तर लॅपटॉप चालू होताहोताच पडत राहील. पुढे कधी लावायची वेळ आलीच तर मायक्रोसॉफ्टचे ड्रायव्हर वगळून संशयित तेवढे निवड, आणि सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर स्लॅश रीसेट कसं करायचं ते आधी कागदावर लिहून ठेव. त्या वेळी गूगल करायला लॅपटॉप नसेल.

प्रश्न : खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर यूएसबीमुळे विंडोज कोसळली होती, असं नातू सांगतो. खरं का? आणि यूएसबीचा शोध आपल्या माणसाने लावला असंही वाचलं. (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

उत्तर : नातू बरोबर आहे. २० एप्रिल १९९८, शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन. विंडोज ९८ बाजारात यायची होती. क्रिस कॅपोसेला हे गेट्स यांचे सहकारी मंचावर दाखवत होते की यूएसबीचा स्कॅनर नुसता जोडला की विंडोज आपला आपण ओळखते. जोडला, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळं निळं. सभागृहात हशा. गेट्स म्हणाले, म्हणूनच आम्ही अजून विंडोज ९८ बाजारात आणलेली नाही. जूनच्या २५ तारखेला ती आली.

शोधाबद्दल: १९९४ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनी मिळून काम सुरू केलं, जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती आली. इंटेलमधल्या चमूत अजय भट्ट हे प्रमुख नाव. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आमचे बडोद्याचे वाचक आता कॉलर ताठ करतील, करू द्या. मात्र एकट्याने लावलेला शोध असं म्हणणं त्या बाकीच्या अभियंत्यांवर अन्याय होईल.

आणि ड्रायव्हरने विंडोज पाडण्याचं प्रकरण १९९८ मध्ये संपलं असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते आठवतं? तेव्हा क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा कर्नलमधला ड्रायव्हर चुकीचा पत्ता वाचायला गेला होता. २० रकाने असताना एकविसावा मागितला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रं कोसळली.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू लिनक्स आहे. एका मशीनला वेबकॅम लावला की कधी कधी माउस-कीबोर्ड सगळं गोठतं. लिनक्सला निळा पडदा नसतो ना? मग शोधायचं कसं? (शिक्षिका, जि. रत्नागिरी)

उत्तर : लिनक्समध्ये दोन पायऱ्या आहेत. ऊप्स म्हणजे कर्नलमध्ये चूक झाली पण गाडा कसाबसा पुढे चालला, आणि पॅनिक म्हणजे थांबला. मशीन बंद करून परत चालू केल्यावर टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल, डॅश के, डॅश बी आणि वजा एक असं लिहा. मागच्या खेपेचा कर्नलचा रोजनामा मिळतो. शेवटच्या ओळींत ऊप्स आणि यूएसबीचा उल्लेख असेल तर तिथेच मॉड्यूलचं, म्हणजे त्या ड्रायव्हरचं, नाव असतं. टेन्टेड या शब्दापुढे पी किंवा ओ अक्षर असेल तर कोणीतरी बाहेरचा ड्रायव्हर टाकलेला आहे, आधी तो काढा. रोजनामा काहीच न सांगता मध्येच तुटला असेल तर वेबकॅम दुसऱ्या मशीनला लावून बघा. कॅमेऱ्यासोबत दोष फिरतो की मशीनजवळ राहतो, ते लगेच कळेल.

कर्नल अद्ययावत ठेवा, हे मी यूएसबीच्या बाबतीत जास्त आग्रहाने सांगते. २०१७ साली आंद्रेय कोनोवालोव्ह या संशोधकाने सिझकॉलर नावाच्या अवजाराने लिनक्सच्या यूएसबी ड्रायव्हरांना मुद्दाम वेडीवाकडी उपकरणं लावल्याचं भासवलं आणि एका झटक्यात चौदा दोष जाहीर केले. त्यानंतरही बरेच निघाले. जुन्या सीडीवरून टाकलेल्या उबुंटूत ते अजून असतील.

प्रश्न : मी सीए आहे. क्रॅशची फाइल तुम्हाला पाठवली तर तिच्यातून अशिलांची माहिती किंवा पासवर्ड बाहेर जाईल का? (ठाणे)

उत्तर : रास्त शंका. मिनीडंप फोल्डरातली फाइल छोटी असते. तिच्यात स्टॅक, ड्रायव्हरांची यादी आणि त्या वेळी चालू असलेल्या प्रोसेसचं नाव एवढंच मुख्यतः असतं. विंडोज फोल्डरात मेमरी नावाची दुसरी मोठी डंप फाइल असते, ती कोणालाही पाठवू नका. सेटिंग कम्प्लीटवर असेल तर तिच्यात अख्खी रॅम उतरलेली असते, उघडी बॅलन्स शीट आणि टाइप केलेला पासवर्ड धरून.

मिनीडंप फोल्डर रिकामा दिसत असेल तर दोन कारणं नेहमीची. पेजफाइल, म्हणजे रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल, बंद केलेली असते (डंप आधी तिच्यातच लिहिला जातो), नाहीतर सफाई करणारं एखादं सॉफ्टवेअर या फाइली कचरा समजून उडवतं. ते बंद करा. मला पाठवताना सगळ्यात ताज्या दोन-तीन मिनीडंप फाइली पुरेत. सोबत एवढं लिहा: त्या वेळी यूएसबीला काय काय जोडलं होतं, काय नुकतंच लावलं किंवा काढलं होतं, आणि गेल्या महिन्यात मशीनमध्ये नवं काय आलं.